छोट्या रायफलीची दुर्बीण

वाचकहो, इतिहासाच्या प्राध्यापकाकडे लोक जे प्रश्न घेऊन येतात, ते बहुधा ठरलेले असतात. आमच्या गावची गढी कुणाची, मोडीतला हा कागद काय सांगतो, आमचं आडनाव कुठून आलं, असले ते प्रश्न. पण एके वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक शेतकरी गृहस्थ माझ्याकडे आले आणि त्यांनी जो प्रश्न घातला, त्याचं उत्तर द्यायला मला चार दिवस मागून घ्यावे लागले. आजचं हे बोलणं म्हणजे त्या चार दिवसांचा हिशेब आहे.

त्यांचा मुलगा आमच्या महाविद्यालयात शिकतो. राष्ट्रीय छात्र सेनेत त्याचा नेम चांगला लागला, म्हणून तो जिल्ह्याच्या ठिकाणी रायफल क्लबात सरावाला जाऊ लागला. छात्र सेनेचं काम मीही पाहतो, म्हणून हे गृहस्थ माझ्याकडे आले. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. त्यावर एका दुर्बिणीची किंमत लिहिली होती.

"सर, पोरगं म्हणतंय रायफलीवर दुर्बीण पायजे. दुकानदारानं ही किंमत सांगितली. म्हस काढावी म्हणतो. एवढ्याची घ्यावी का? आन् स्वस्तातली घ्यायची झाली तर कंची?"

मी म्हटलं, "मामा, म्हैस आत्ता काढू नका. चार दिवसांनी या."

त्यांना धीर देण्यासाठी मी तसं बोललो खरा, पण मला स्वतःलाच त्या विषयातलं फारसं ठाऊक नव्हतं. विद्यार्थी असताना शिबिरात २५ यार्डांवरून मी पाच गोळ्या झाडल्या होत्या. त्यांतल्या दोन शेजारच्याच्या कागदावर आढळल्या. माझं नेमबाजीचं भांडवल एवढंच! मग मी माझ्या धंद्याला जागलो, म्हणजे त्या वस्तूचा इतिहास धुंडाळू लागलो. कोणतीही वस्तू घेताना ती मुळात कशासाठी जन्माला आली, महाग का होती आणि स्वस्त कशी झाली हे पाहिलं, तर दुकानदाराच्या बोलण्यातलं धान्य कोणतं आणि भुसा कोणता, ते निवडता येतं.

आधी रायफलीविषयी दोन शब्द. आपण हिला 'बावीसची रायफल' म्हणतो, कारण हिच्या नळीचं तोंड इंचाच्या शंभर भागांपैकी २२ भागांएवढं, म्हणजे ५.६ मिलिमीटर असतं. गोळीचं वजन ४० ग्रेन, सुमारे २.६ ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर घातली तर पाव तोळ्याच्या आसपास भरेल. आज सर्वत्र चालतं ते हिचं 'लाँग रायफल' नावाचं काडतूस अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीनं १८८७ मध्ये काढलं. दारू थोडी, आवाज थोडा, खांद्याला धक्का नसल्यासारखाच, आणि मुख्य म्हणजे काडतूस स्वस्त. त्यामुळे ही रायफल शिकाऊ माणसाची आणि बेताच्या ऐपतीच्या माणसाची रायफल ठरली. बोअर युद्धात आपल्या सैनिकांचा नेम कच्चा आहे हे इंग्रजांच्या ध्यानात आलं, तेव्हा १९०१ च्या सुमारास लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या पुढाकारानं तिकडे कामकऱ्यांसाठी छोट्या रायफलींचे क्लब निघाले. हे रॉबर्ट्स म्हणजे हिंदुस्थानात सरसेनापती असलेलेच. मोठ्या रायफलीला लांबलचक मैदान लागतं, महाग काडतूस लागतं. बावीसच्या रायफलीला मातीचा बांध आणि पन्नास पावलांची जागा पुरते.

परंतु रायफल छोटी असली तरी नेमाची अडचण तीच. आपल्या साध्या रायफलीवर मागे खाच असते, पुढे माशी असते आणि दूरवर निशाण असतं. डोळ्याला या तिन्ही गोष्टी एकदम स्पष्ट हव्या असतात, आणि देवानं डोळा असा घडवला आहे की एका वेळी त्याला एकच अंतर स्पष्ट दिसतं. माशीकडे पाहावं तर निशाण धुकट, निशाणाकडे पाहावं तर माशी धुकट. तरुण डोळा ही ओढाताण कशीबशी निभावून नेतो. चाळिशी लागली की मागची खाच पार पुसली जाते. हे मी स्वानुभवानं सांगतो. दुर्बिणीचा खरा उपयोग इथं आहे. दूरचं मोठं दिसणं हा तिचा दुसरा गुण. पहिला गुण असा की, निशाण आणि नेमाची फुली या दोन्ही गोष्टी ती एकाच अंतरावर आणून ठेवते. डोळ्याला एकच काम उरतं.

आता ही फुली दुर्बिणीत गेली कशी, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

हॉलंडमधल्या मिडेलबर्ग गावच्या हान्स लिपरशे या चष्मेवाल्यानं १६०८ मध्ये दुर्बिणीच्या हक्कासाठी सरकारकडे अर्ज केला. पुढच्याच वर्षी गॅलिलिओनं तसलं यंत्र स्वतः बनवून आकाशाकडे वळवलं. गॅलिलिओच्या दुर्बिणीत पुढं फुगीर भिंग आणि डोळ्याशी खोलगट भिंग असे. तिच्यात चित्र सुलट दिसे, पण नळीच्या आत चित्र कुठंही ठरत नसे. त्यामुळे नळीत एखादी रेघ ओढून तिनं नेम धरण्याची सोय नव्हती. १६११ मध्ये केप्लरनं दोन्ही भिंगं फुगीर घेण्याची कल्पना मांडली. चित्र उलटं झालं, पण ते नळीच्या आत एका जागी स्थिर ठरू लागलं. शिक्षकबंधूंनी दोन भिंगं आणि एक तेलकट कागद घेऊन वर्गात हे अवश्य करून दाखवावं. कागदावर उलटं पडलेलं झाड पाहून मुलं हरखून जातात.

पुढं तीसेक वर्षांनी इंग्लंडात, लीड्स शहराजवळ राहणारा विल्यम गॅस्कॉइन नावाचा तरुण दुर्बिणीशी खटपट करीत बसला होता. एके दिवशी त्यानं डोळा लावला, तर चित्रावर एक बारीक, काळी, रेखीव रेघ! एका कोळ्यानं नळीत धागा विणला होता, आणि तो नेमका चित्र ठरण्याच्या जागी आला होता. दुसरा कुणी असता तर त्यानं फडक्यानं नळी पुसून टाकली असती. गॅस्कॉइनच्या ध्यानात आलं की दुर्बिणीला नेमाची रेघ मिळाली. ही गोष्ट १६४० च्या आसपासची. त्यानं ती आपल्या पत्रात नमूद करून ठेवली. पुढं इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांचं युद्ध जुंपलं, तो राजाच्या बाजूनं लढला आणि १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या रणांगणावर पडला. पुढं कितीतरी पिढ्या वेधशाळेतल्या आणि जमीन मोजणीच्या यंत्रांत खरोखरच कोळ्याचा धागा ताणून बसवीत असत. आपल्या शिवारात मोजणीदार ज्या नळीतून पाहून खुंटा सरकवायला सांगतो, तिच्यातली फुली आणि रायफलीवरच्या दुर्बिणीतली फुली एकाच कुळातल्या आहेत.

रायफलीवर दुर्बीण बसायला मात्र आणखी दोनशे वर्षं लागली. १८४० नंतरच्या दशकात अमेरिकेत चॅपमन नावाचा इंजिनिअर आणि मॉर्गन जेम्स नावाचा बंदूक घडवणारा कारागीर यांनी मिळून अशा दुर्बिणी केल्या. १८५५ पासून विल्यम माल्कम यानं सिरॅक्यूज गावी त्यांना अधिक निर्मळ भिंगं बसवली. त्या दुर्बिणी पाहून आज हसू येईल. रायफलीच्या नळीएवढीच लांब आणि बोटाएवढी बारीक अशी ती पितळी किंवा लोखंडी नळी असे. १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात निवडक नेमबाजांनी त्या वापरल्या. दक्षिणेच्या बाजूकडे इंग्लंडहून आलेल्या काही व्हिटवर्थ रायफली होत्या. त्यांच्या डाव्या अंगाला जी दुर्बीण बसवीत, ती डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्यानं योजलेली होती. मौज अशी की हा डेव्हिडसन पूर्वी आपल्या मुंबई इलाख्याच्या फौजेत नोकरीला होता.

या साऱ्या वस्तू हातानं घडवलेल्या, म्हणून महाग. विसाव्या शतकाच्या आरंभी कारखान्यांनी हा धंदा हाती घेतला. बावीसचं काडतूस काढणाऱ्या स्टीव्हन्स कंपनीनंच दुर्बिणीही विकायला सुरुवात केली. मागोमाग विंचेस्टर कंपनीची ए-५ आली. जर्मनीत तर भिंगांची परंपराच मोठी. पण जर्मन दुर्बीण आणि ती बसवण्याची कारागिरी यांचा खर्च पुष्कळदा रायफलीच्या किमतीला जाऊन भिडे. शेतावर राहणाऱ्या पोराच्या हाती दहा डॉलरांच्या आतली एकबारी रायफल असायची. त्यानं दुर्बिणीचं नुसतं नाव घ्यावं आणि गप्प बसावं.

ही कोंडी फोडली ती पंचविशीतल्या एका तरुणानं. त्याचं नाव विल्यम वीव्हर, गाव केंटकी प्रांतातलं न्यूपोर्ट, आणि साल १९३०. हे साल ध्यानात घ्या. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला होता. बँका बुडत होत्या, धान्याला भाव नव्हता, माणसं कामाच्या शोधात वणवण करीत होती. अशा दिवसांत चैनीची म्हणून समजली जाणारी वस्तू बनवायला निघणं हा वेडेपणाच म्हणायचा! पण वीव्हरनं किंमत ठेवली १९ डॉलर, आणि तीही रायफलीवर बसवण्याच्या पकडीसकट. दुर्बिणीचं नाव '३३०'. पकड पातळ पोलादी पत्र्याची आणि लांब तंगड्यांची होती, म्हणून लोक तिला नाकतोडा म्हणत.

एवढी स्वस्त कशी केली? इथं वाचकांनी जरा थांबावं, कारण स्वस्ताई दोन तऱ्हेची असते. एक तऱ्हा म्हणजे मालात खोट करायची. दुसरी म्हणजे नको ते काढून टाकायचं आणि हवं ते नीट करायचं. वीव्हरनं नळी पाऊण इंच जाडीची ठेवली, म्हणून पोलाद कमी लागलं आणि वजनही बेताचं राहिलं. दूरचं दिसायचं ते जेमतेम पावणेतीन पट मोठं, त्यामुळे भिंगांचा खटाटोप आवाक्यात राहिला. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की, नेम वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवण्याची व्यवस्था त्यानं नळीच्या आत घातली. तोवरच्या पुष्कळ दुर्बिणींत अख्खी नळीच बाहेरच्या पकडीतून सरकवावी लागे. साहजिकच ती पकड घड्याळासारखी नाजूक आणि महाग असे. आतली व्यवस्था झाल्यावर बाहेरची पकड साध्या पत्र्याचीही चालू लागली. १९३३ मध्ये वीव्हरनं आपलं बिऱ्हाड टेक्सासमधल्या एल पासोला हलवलं, आणि पुढं खास बावीसच्या रायफलीसाठी आणखी स्वस्त दुर्बिणी काढल्या.

मग या स्वस्त दुर्बिणीची खरी परीक्षा झाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला नेमबाजांसाठी दुर्बिणी हव्या होत्या. आधी लायमन कंपनीच्या 'अलास्कन' नावाच्या अधिक भारी दुर्बिणीवर त्यांचं लक्ष होतं, पण ती पुरेशी मिळेना. अखेर १९४३ पासून वीव्हरची तीच साधी दुर्बीण लष्करी नाव लावून स्प्रिंगफील्ड रायफलींवर चढवण्यात आली. अशा सुमारे २८ हजार रायफली झाल्या. शेतावरच्या पोरांसाठी केलेली वस्तू युद्धावर गेली!

ती तिथं कशी वागली? खरं तेच सांगितलं पाहिजे. नेम ती धरीत असे, पण पावसात आणि दमट जंगलात तिच्या पोटात दव धरे. थंड पाण्यानं भरलेला तांब्या बाहेरून घामेजतो, तसंच भिंग आतून घामेजायचं, कारण नळी पुरती बंद नव्हती. हा दोष एकट्या वीव्हरचा नव्हता. त्या काळच्या बहुतेक दुर्बिणी अशाच होत्या. युद्धानंतर ऑरेगॉनमधल्या ल्युपोल्ड कंपनीनं हवा काढून नळीत कोरडा नायट्रोजन वायू भरण्याची पद्धत रूढ केली, आणि दव धरण्याचं दुखणं हटत गेलं. वीव्हरनंही जाड नळीच्या अधिक भक्कम दुर्बिणी आणल्या. त्याचबरोबर १९५० नंतर बावीसच्या रायफलीसाठी 'बी-४' नावाची चौपट दाखवणारी दुर्बीण दहा डॉलरांच्या आसपास विकायला ठेवली. अमेरिकेतल्या एका अख्ख्या पिढीचा नेम असल्या दुर्बिणींवर घडला. १९६८ मध्ये वीव्हरनं कंपनी विकली, १९७५ मध्ये तो वारला आणि १९८४ मध्ये एल पासोचा कारखाना बंद पडला. नाव पुढं दुसऱ्यांनी चालवलं.

आणखी एका माणसाचं ऋण सांगायला हवं. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के उजेड परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग असले, तर शंभर पैशांच्या उजेडातले डोळ्यापर्यंत सासष्टच पोहोचतात. शिक्षकांनी गणिताच्या तासाला ९६ टक्क्यांचे ९६ टक्के असं दहा वेळा करून पाहावं. १९३५ मध्ये जर्मनीतल्या त्साइस कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला यानं काचेवर अतिशय पातळ लेप देऊन हा परतणारा उजेड अडवण्याची युक्ती काढली. पुढं ती सर्रास झाली. आज कमी किमतीच्या दुर्बिणीतलं भिंगही तिरकं धरलं की निळसर-जांभळं दिसतं, तो या लेपाचा रंग. तेव्हा १९३० साली पैसेवाल्यालाही न मिळणारी गोष्ट आज बेताच्या किमतीत मिळते, हे ध्यानात असू द्या.

इतका इतिहास चाळल्यावर मामांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हळूहळू आकाराला आलं. बावीसच्या रायफलीला बेताच्या किमतीची दुर्बीण निवडायची तर काय पाहावं?

पहिली गोष्ट म्हणजे मोठं दाखवण्याच्या आकड्याला भुलू नये. बावीसच्या गोळीची मजल ती केवढी! ५० यार्डांवर नेम जुळवलेली गोळी १०० यार्डांवर सुमारे सहा-सात इंच खाली उतरते. एवढ्या अंतराला चौपट दाखवणारी दुर्बीण पुरते. शिवाय एक हिशेब आहे. पुढच्या भिंगाच्या रुंदीला पटीच्या आकड्यानं भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी मिळते. ३२ मिलिमीटरचं भिंग आणि ४ पट असली तर झोत ८ मिलिमीटरचा. संध्याकाळी आपली बाहुली पाच ते सात मिलिमीटर उघडते, तिला तो पुरून उरतो. तेच भिंग ठेवून १६ पट केली तर झोत उरतो २ मिलिमीटर! चित्र मोठं, पण अंधारलेलं, आणि डोळा केसभर हलला की तेही नाहीसं.

दुसरी गोष्ट, कमी पैशांत एकाच पटीची दुर्बीण घ्यावी. तीनपासून नऊपर्यंत फिरवता येणाऱ्या दुर्बिणीत भिंगं जास्त आणि सरकणारे भाग जास्त. तेवढ्याच किमतीत ते सारं बसवायचं म्हणजे कारखानदाराला कुठंतरी हात आखडावाच लागतो. वीव्हरचा धडा हाच आहे.

तिसरी गोष्ट दुकानदार बहुधा सांगत नाही. चित्र आणि फुली एकाच जागी ठरण्याची जी गोष्ट गॅस्कॉइनच्या कोळ्यानं दाखवली, ती एका ठराविक अंतरासाठीच अचूक साधते. मोठ्या रायफलीच्या दुर्बिणी पुष्कळदा १०० यार्डांसाठी जुळवलेल्या असतात, बावीसच्या ५० यार्डांसाठी. तेव्हा मोठ्या रायफलीची उतरलेली भारी दुर्बीण स्वस्तात मिळाली म्हणून छोटीवर चढवू नये. परीक्षा सोपी आहे. रायफल वाळूच्या पोत्यांवर पक्की ठेवा, फुली ५० यार्डांवरच्या ठिपक्यावर आणा, आणि रायफलीला स्पर्श न करता डोकं किंचित डावी-उजवीकडे हलवा. फुली ठिपक्यावरून सरकली, तर ती दुर्बीण या अंतराची नव्हे.

चौथी गोष्ट, नेम सरकवण्याच्या चकत्या खऱ्या आहेत का ते पाहावं. त्या 'टिक' करून फिरतात. पुष्कळ दुर्बिणींत एका टिकेनं नेम कोनाच्या पाव मिनिटानं सरकतो, म्हणजे ५० मीटरवर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. वर २० टिका, उजवीकडे २०, खाली २० आणि डावीकडे २० अशी चौकट फिरून आल्यावर गोळी पुन्हा पहिल्या भोकाशीच लागली पाहिजे. बैल घरी परतला पाहिजे, तसं हे. ज्या दुर्बिणीचा नेम परत घरी येत नाही, ती कितीही लखलखीत असो, घेऊ नये.

पाचवी गोष्ट पकडीची. चांगली दुर्बीण आणि ढिली पकड म्हणजे उत्तम नांगराला कुजका दांडा. थोडे पैसे पकडीसाठी राखून ठेवावे. आणि एक सावधगिरीची सूचना: स्प्रिंगच्या हवाई बंदुकीला पुढं-मागं असा दुहेरी धक्का बसतो. बावीसची साधी दुर्बीण तिच्यावर चढवली तर आतली भिंगं निखळू शकतात. दुर्बीण पाहायची ती दुकानाच्या दिव्याखाली नव्हे, तर बाहेर येऊन, दिवस कलल्यावर, दूरच्या झाडाच्या फांदीकडे.

चार दिवसांनी मामा आले. बरोबर मुलगाही होता. ही सारी माहिती मी त्यांना देऊ शकलो असतो. पण त्याआधी मी मुलाला एकच प्रश्न विचारला.

"बाळ, तू कोणत्या स्पर्धेसाठी सराव करतोस?"

"पन्नास मीटर, सर. बावीसची रायफल. ऑलिंपिकात असते ती."

"मग त्या स्पर्धेचे नियम तू वाचलेस का?"

मुलगा खाली पाहू लागला. वाचकहो, सांगायचं ते हेच की, त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत रायफलीवर दुर्बीण चालत नाही! तिथं मागं बारीक भोकाची चकती असते आणि पुढं कडी. त्या भोकातून कडी पाहायची आणि कडीत निशाण बसवायचं. मधली दहाची कडी १०.४ मिलिमीटर, म्हणजे टपोऱ्या हरभऱ्याएवढी. ५० मीटरवरून ती साधायची, आणि तीही उघड्या डोळ्यानं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं, ते असंच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसच्या ऑलिंपिकात कांस्यपदक घेतलं, तेही असंच. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक आणलं, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे वैयक्तिक पदक. त्यांच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती.

दुर्बीण चालते अशाही स्पर्धा आहेत. अमेरिकेत पडून नेम धरण्याच्या काही सामन्यांत हवी ती नेमसाधनं वापरण्याची मुभा असते. रायफल टेबलावर टेकवून खेळायचे सामनेही असतात. तिथं वरच्या पाच गोष्टी पाहून दुर्बीण जरूर घ्यावी. शिकारीचा प्रश्न आपल्याकडे उरलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो मिटवला आहे, आणि बावीसची रायफल बाळगायला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. तेव्हा आपल्या मुलांसाठी या रायफलीची जागा क्लबाच्या मैदानातच.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलाकडे वळून म्हणाले, "दुकानदाराला तू इचारलंस. नियमाला का न्हाई इचारलंस?" मुलाचा चेहरा एवढा झाला. मला त्याची बाजू घ्यावीशी वाटली. मी म्हटलं, "मामा, चूक त्याच्या एकट्याची नाही. आम्ही त्याला रायफल धरायला शिकवली, नियमाचं पुस्तक उघडायला शिकवलं नाही." आणि हे मी त्यांच्या समाधानासाठी बोललो नव्हतो. त्या दिवसापासून आमच्या छात्र सेनेत पहिला तास नियमांचा असतो.

शिक्षकबंधूंनो, आपल्या शाळेतला एखादा मुलगा किंवा मुलगी या खेळाकडे वळली, तर एवढं करावं. आधी कोणत्या प्रकारात खेळायचं ते ठरवायला लावावं, मग त्या प्रकाराचे चालू नियम वाचून घ्यावेत, आणि पैशाची गोष्ट सर्वांत शेवटी काढावी. १९ डॉलरांच्या दुर्बिणीनं आपल्याला शिकवलं ते हेच, की काय नको ते आधी ठरलं म्हणजे हवं ते परवडतं.

ती म्हैस अजून मामांच्या गोठ्यात आहे. तिचं दूध विकून जे येतं, त्यातून मुलाची काडतुसं आणि जिल्ह्याला जाण्या-येण्याचं भाडं सुटतं. मुलगा उघड्या डोळ्यानंच नेम धरतो. परवा त्यानं मला आपला कागद आणून दाखवला. साऱ्या गोळ्या त्याच्या स्वतःच्याच कागदावर होत्या. माझ्या मानानं पाहिलं तर ही मोठीच प्रगती म्हणायची!